महाराष्ट्र मंडळांना पत्र, कौंटीच्या खिडकीतून

न्यू जर्सीतील सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सभासद यांस,

स. न. वि. वि.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गुरुवार, दुपारचे पावणेचार. आमच्या कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पार्क खात्याची खिडकी साडेचारला बंद होते. एक गृहस्थ धापा टाकत आले. शनिवारी गणपतीची मिरवणूक, कौंटीच्या पार्कात, तीनशे माणसं, ढोल-ताशा पथक, जेवणाचे ट्रे, सगळं ठरलेलं. फक्त परवानगी राहिली होती. अर्ज नव्हता. विम्याचं सर्टिफिकेट नव्हतं. माझ्या पाटीवरचं आडनाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो ताई, तुम्ही आपल्याच निघालात! मग काय, काम झालं."

काम झालं नाही. त्या शनिवारी पार्कातला मांडव एका कुटुंबाच्या संमेलनासाठी दिलेला होता. "त्यांना कसा मिळाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांनी मार्चमध्ये अर्ज केला." शेवटी मिरवणूक एका सभासदाच्या ड्राइव्हवेवर निघाली आणि विसर्जन निळ्या प्लास्टिकच्या टबात झालं. मला दोन दिवसांनी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मजकूर फिरत फिरत आला: "कौंटीत आपलीच माणसं आपल्याला आडवी येतात."

मंडळ कुठलं ते सांगणार नाही. कौंटी कुठली तेही नाही, कारण नोकरी करायची आहे. न्यू जर्सीत २१ कौंट्या आहेत, त्यातल्या एकीत मी अकरा वर्षं आहे. त्याआधी मंडळात होते, तीन गणेशोत्सव स्वयंपाकघर सांभाळलं, चारशे माणसांचा मसालेभात केला, आणि त्या सगळ्या काळात मी एकदाही कौंटीच्या सभेला गेले नव्हते. म्हणजे हे पत्र वरून खाली लिहिलेलं नाही.

माझे वडील पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. आमच्या घरी जेवताना जिल्हा परिषदेचा विषय निघायचाच. कुणाच्या गटात रस्ता मंजूर झाला, कुणाची पाण्याची टाकी अडली, सभापती कुणाचा साडू. गावातल्या शेंबड्या पोरालाही झेडपी सदस्याचं नाव ठाऊक असायचं. आणि इथं? तुमच्यापैकी बहुतेकांना राष्ट्राध्यक्षांचं मंत्रिमंडळ तोंडपाठ आहे, अर्थसंकल्पावर तुम्ही पॉडकास्ट ऐकता, पण कौंटीचा कारभार बघायला निवडून दिलेल्या आपल्या कमिशनरपैकी एकाचं नाव विचारलं तर खोलीत शांतता. मी एका दिवाळी कार्यक्रमात विचारून पाहिलंय. साठ माणसांत एक हात वर आला. तो माझ्या नवऱ्याचा होता.

कौंटी म्हणजे नेमकं काय, हे न कळण्यात तुमचा फार दोष नाही. व्यवस्थाच तशी गुंत्याची आहे. एडिसनचं उदाहरण घ्या. रूट २७ वर खड्डा पडला तर तो राज्याचा. वुडब्रिज अॅव्हेन्यूवर पडला तर तो कौंटीचा, कारण ती कौंटी रोड ५१४. निळ्या पंचकोनावर पिवळ्या अक्षरात आकडा दिसला की ओळखायचं. आणि तुमच्या घरासमोरच्या गल्लीत पडला तर टाउनशिपचा. खड्डा तोच, टायर तोच, पण फोन तीन वेगळे. बहुतेक लोक चौथीकडेच फोन करतात, म्हणजे बायकोला.

दर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या एक तारखेला जो प्रॉपर्टी टॅक्स भरता, त्याचं बिल एकदा उघडून बघा. या राज्यात सरासरी घराला वर्षाला १० हजार डॉलरच्या आसपास कर पडतो, देशात सगळ्यात जास्त. त्यातला मोठा घास शाळेचा, मग गावाचा, आणि एक ओळ कौंटीची. त्या ओळीतून मोठे रस्ते, पूल, पार्क, कौंटी कॉलेज, म्हाताऱ्यांच्या मिनीबस, मतदानाची यंत्रं आणि डासांचा बंदोबस्तसुद्धा चालतो. डासांसाठी कौंटीनिहाय आयोग नेमण्याचा कायदा या राज्यानं १९१२ मध्येच केला. अंगणातल्या बार्बेक्यूला डास चावले की आपण कॉस्टकोतून मेणबत्त्या आणतो. कौंटीला फोन केला तर माणूस येऊन साचलेलं पाणी बघून जातो, हे कुणाला माहीत नसतं.

घर घेतलंत तेव्हा तुमचं खरेदीखत, बहुतेक कौंट्यांत, कौंटी क्लर्कच्या दफ्तरी नोंदलं गेलं. कर्ज थकलं तर त्याच घराचा लिलाव शेरीफ करतो. (आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचं मानाचं पद, गावसकरांनी भूषवलेलं. इथला शेरीफ तसा नाही, त्याची नोटीस आली की झोप उडते.) आणि आपण गेल्यावर मृत्युपत्र ज्यांच्यापुढं जातं त्या पदाचं नाव सरोगेट. मंडळाच्या एका व्याख्यानात मी हा शब्द उच्चारला तर मागच्या रांगेतल्या काकू एकदम सावरून बसल्या. नाही काकू, त्यातलं काही नाही. क्लर्क, शेरीफ, सरोगेट, तिघंही निवडून येतात. तुमच्या मतानं. म्हणजे तुम्ही द्याल तर.

कमिशनर मंडळात तीनपासून नऊपर्यंत माणसं असतात, एडिसन ज्या मिडलसेक्स कौंटीत आहे तिथं सात. त्यांना २०२० पर्यंत 'फ्रीहोल्डर' म्हणत, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो. जमीनदारांच्या काळातलं ते नाव काढून १ जानेवारी २०२१ पासून 'कमिशनर' झालं. नाव बदललं, पण सभागृहातल्या खुर्च्या तशाच रिकाम्या.

मी एकदा बजेटच्या जाहीर सुनावणीला मागं बसले होते. आधी बजेट मांडतात, मग निदान २८ दिवस जाऊ देतात, जाहीर सूचना काढतात, ती सुनावणी. कोट्यवधी डॉलरचा कागद. अध्यक्ष म्हणाले, सुनावणी खुली झाली आहे, कुणाला बोलायचं आहे? एअर कंडिशनरचा आवाज येत होता. कारकुनानं घड्याळाकडे बघितलं. एक छायाचित्रकार फोन चाळत होता. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, मग म्हणाले, सुनावणी बंद. मी मोजले, पन्नास सेकंद होत आले होते. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत नुसत्या लाडवांच्या हिशेबावर दीड तास जातो.

आता आजींची गोष्ट सांगते, कारण ती मला लिहायला भाग पाडते आहे.

आमच्या भागात मुलाकडे राहणाऱ्या एक आजी आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या कोल्हापूरच्या. आठवड्यातून तीन दिवस कौंटीच्या मिनीबसनं सीनियर सेंटरला जातात. थांब्यावर बसायला काही नाही. पंचवीस-पंचवीस मिनिटं उन्हात उभ्या. मुलगा म्हणाला, "आई, मी तुला उबर करून देतो." आजींनी त्याला सांगितलं, "मला गाडी नको, बाकडं पाहिजे." मी गमतीनं म्हटलं, सभेला चला. आजी निघाल्या. मी त्या दिवशी रजा टाकली. नोकरीच्या वेळात असलं करायचं नसतं.

बोलायला तीन मिनिटं मिळतात. आजींनी नऊवारी नेसली होती, नेहमीच नेसतात. माइक त्यांच्या कपाळाच्या उंचीला. कुणीतरी तो खाली केला. त्या मराठीत म्हणाल्या, "मला फार वेळ उभं राहवत नाही. माझ्याबरोबर अजून चौघी असतात. आम्हाला बसायला काहीतरी द्या." मी भाषांतर केलं. वीस सेकंदांत संपलं. एका बाई कमिशनरनं पेन खाली ठेवलं आणि थांब्याचा पत्ता विचारला.

लगेच बाकडं आलं असं समजू नका. चौदा महिने लागले. थांबा राज्याच्या रस्त्याच्या कडेला निघाला, म्हणून राज्याच्या वाहतूक खात्याची परवानगी. फुटपाथ टाउनशिपचा, म्हणून त्यांचा ठराव. बाकडं कौंटीचं, म्हणून कौंटीची खरेदी. मध्ये एकदा फाइल हरवली, ती माझ्याच मजल्यावर सापडली. नोव्हेंबरात बाकडं बसलं तेव्हा आजी थंडीसाठी कोल्हापूरला गेल्या होत्या. पण ते बसलं. तिथं आता एक चिनी आजोबा रोज वर्तमानपत्र वाचत बसतात, त्यांना यातलं काही माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, एका बाकड्यासाठी चौदा महिने, ही कसली व्यवस्था. बरोबर आहे. मला आतून बघूनही ती अनेकदा तशीच वाटते. पण आजींनी विचारलं नसतं तर चौदा वर्षंही लागली नसती, कारण काही झालंच नसतं.

बाकड्यापेक्षा मोठी गोष्ट हवी असेल तर २०२४ ची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आठवा. इथं मतपत्रिका कशी दिसेल हे कौंटी क्लर्क ठरवतो. २१ पैकी १९ कौंट्यांत पक्षाच्या कौंटी शाखेनं पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार एकाच रकान्यात किंवा ओळीत छापत, वर सेनेटर, खाली कमिशनर. ज्यांना पाठिंबा नाही ते कुठंतरी कोपऱ्यात. याला 'कौंटी लाइन' म्हणत आणि लाइन मिळाली की निवडणूक अर्धी जिंकली असं पक्षातले लोक उघड बोलत. सेनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले. २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही पद्धत थांबवली, आणि पुढच्या वर्षी राज्यानं कायदाच बदलला. इतकी वर्षं आपण जून महिन्यात, भारतात जायच्या गडबडीत, कुणीतरी आखून दिलेल्या ओळीवर बोट ठेवून आलो. जे गेलो ते.

त्या पक्षशाखेत बसतं कोण? कौंटी कमिटीचे सदस्य. आपल्याकडच्या बूथप्रमुखासारखं समजा, फक्त हा प्रायमरीत निवडून यावा लागतो. मतदान केंद्राच्या हद्दीतल्या मोजक्या सह्या जमवल्या की नाव मतपत्रिकेवर येतं. कित्येक जागा कुणी उभंच राहत नाही म्हणून रिकाम्या पडतात. बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचले याचा आपल्याला आनंद झाला, व्हायलाच हवा. पण काँग्रेसकडे जाणारा जिना इथून सुरू होतो, आणि या पायरीवर आपलं कुणी नाही. मिडलसेक्सच्या कमिशनर मंडळावर शांती नर्रा निवडून आल्या, भारतीय वंशाच्या. मराठी आडनाव मी कुठल्याही कौंटीच्या मतपत्रिकेवर अजून पाहिलेलं नाही. असेल तर मला जरूर कळवा, मी पेढे पाठवीन.

यावर मंडळांकडून ठरलेलं उत्तर येतं: "मंडळात राजकारण नको." मंडळाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जे चालतं ते पाहिलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं, ते असो. कायद्याचं बोलायचं तर ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त सेवाभावी, संस्था म्हणून मंडळाला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एका मंचावर बोलावून प्रश्न विचारता येतात. कौंटीच्या सांस्कृतिक आणि वारसा आयोगाकडे नाटकासाठी अनुदान मागता येतं, राज्याच्या कला परिषदेचा पैसा त्या वाटेनं छोट्या संस्थांपर्यंत येतो. आमच्या खात्याच्या शेजारीच ते ऑफिस आहे. तिथल्या बाई मला विचारतात, "तुमचे लोक इतकी नाटकं करतात, अर्ज का करत नाहीत?" मी काय सांगू? की आम्ही तिकीट पंचवीस डॉलर लावतो आणि तोटा स्वतःच्या खिशातून भरतो, पण फॉर्म भरणार नाही?

दुसरं उत्तर व्हिसाचं. "आम्ही एच-वनवर, ग्रीनकार्डच्या रांगेत पंधरा वर्षं, आम्हाला कोण विचारतं?" मत देता येत नाही हे खरं, आणि ते दुःख मी हलकं करणार नाही. निवडणुकीत देणगीही नागरिकांनी आणि ग्रीनकार्डधारकांनीच द्यायची. व्हिसावर असाल तर एक डॉलरसुद्धा देऊ नका, ते बेकायदा आहे. पण कर तुम्ही भरताच. सभेत बोलायला नागरिक असावं लागत नाही. आमच्या आजी कुठं नागरिक आहेत? शिवाय 'ओप्रा' आहे, २००२ चा इथला माहिती अधिकाराचा कायदा. अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणांच्या काळात ज्यांनी महाराष्ट्रात अर्ज लिहिले त्यांना शिकवायला नको. तिकडं तीस दिवस, इथं साधारण सात कामकाजाचे दिवस. २०२४ मध्ये तो कायदा जरा आवळला, तरी रस्त्याचं कंत्राट कितीला दिलं हे अजूनही मागता येतं.

आणि ज्यांची मुलं मॅग्नेट शाळांसाठी, म्हणजे निवडून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांसाठी, रात्री जागतात त्यांना एकच विचारते. एडिसन अकॅडमीच्या प्रवेशाच्या तारखा तुम्हाला पाठ आहेत. त्या शाळा कौंटीच्या आहेत, आणि त्यांच्या शाळा मंडळावरच्या नेमणुका कौंटी कमिशनर करतात, हे किती जणांना माहीत आहे?

नोकरीबद्दल थोडं, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय. मी कौंटीत लागले तेव्हा एका मैत्रिणीनं विचारलं, "इथं येऊन सरकारी नोकरी?" पुण्यात सदाशिव पेठेत आठ-आठ वर्षं एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं आहेत, माझा मामेभाऊ त्यातलाच. आणि इथं त्याच जातीची नोकरी, परीक्षेसकट, पेन्शनसकट, समोर ठेवलेली असताना आपली मुलं तिकडं बघत नाहीत. पगार आयटीपेक्षा कमी, हे लपवत नाही. राज्यात राहण्याची अट आहे. बढतीला वेळ लागतो, आणि काही दिवस असे जातात की प्रिंटरचं टोनर मागवायला तीन सह्या लागतात. पण पूल तपासणारा इंजिनिअर, नकाशे करणारा, ९११ वर फोन उचलणारी, रेस्टॉरंटांची स्वच्छता तपासणारी, ही सगळी माणसं कौंटीला हवी असतात. गेल्या वर्षी आमच्याकडे नियोजन खात्यात एक जागा सहा महिने रिकामी होती. मी चार मराठी ग्रुपवर जाहिरात टाकली. तीन अंगठे आले, एक "खूप छान माहिती" आली, अर्ज शून्य.

मागणं मोठं नाही. कार्यकारिणीत सांस्कृतिक, खाद्य, ध्वनी, पार्किंग असे समन्वयक असतात. एक जण कौंटीचा नेमा. त्यानं महिन्यातून एकदा सभेला जावं, मागं बसावं, घरी येऊन ग्रुपवर पाच ओळी लिहाव्यात. नियोजन मंडळ, ग्रंथालय आयोग, ज्येष्ठांची सल्लागार समिती, जिथं जागा निघेल तिथं एका सभासदाचा अर्ज जावा. नोव्हेंबरात निदान चार जणांनी मतदान केंद्रावर काम करावं. त्याला 'बोर्ड वर्कर' म्हणतात, पहाटे सव्वापाचला हजर व्हायचं, रात्री आठला मतदान संपेपर्यंत थांबायचं, ३०० डॉलर मिळतात आणि पाय दुखतात. आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही घेतात. कॉलेजच्या अर्जासाठी लिहायला विषय मिळेल, हे तरी त्यांच्या आयांना पटावं.

एक गोष्ट मनात राहून जाते. २०२२ पासून महाराष्ट्रात कितीतरी जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. निवडणूकच होत नव्हती. वडील असते तर हे कसं घेतलं असतं, ठाऊक नाही. तिथली माणसं तारीख मागत होती, आणि इथं दर नोव्हेंबरला तारीख ठरलेली असते, घरी नमुना मतपत्रिका पोस्टानं येते, आणि आपण ती कूपनांच्या गठ्ठ्याबरोबर निळ्या डब्यात टाकतो. २०२३ मध्ये, वर कुठलंही मोठं पद नव्हतं तेव्हा, राज्यातल्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी मतदारांनी मत दिलं. अशा वर्षी एखाद्या मंडळाच्या यादीतली नावंसुद्धा मोजली जातात. उमेदवार ती मोजतात, मला माहीत आहे, कारण ते फोन करून विचारतात: "तुमच्या असोसिएशनमध्ये किती व्होटर आहेत?" मी सभासद संख्या सांगते. व्होटर किती हे कुणालाच माहीत नाही.

पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी पार्कचे अर्ज जानेवारीत उघडतील. खिडकी सकाळी साडेआठला. विम्याचं सर्टिफिकेट घेऊन या. त्या गृहस्थांनाही सांगा, राग नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कौंटीत काम करणारी एक माजी सभासद

ता. क. आजी एप्रिलमध्ये कोल्हापूरहून परतल्या. बाकड्यावर बसून आल्या आणि मला फोन केला. म्हणाल्या, चांगलं आहे, पण पाठ टेकायला काही नाही. पुढची सभा कधी आहे विचारत होत्या.